चार्लीचा कोट

आमच्या दाराबाहेर पुरुषाच्या चपलांचा एक जोड असतो. तपकिरी, चामड्याचा, नऊ नंबरचा. घरात नऊ नंबरचा पाय आता कुणाचा नाही. हे जाऊन अकरा वर्षं झाली. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर समोरच्या काकू हळूच म्हणाल्या, "त्यांच्या चपला दारातून काढू नकोस हं. बाईमाणूस एकटं राहतंय हे येणाऱ्याजाणाऱ्याला कशाला कळायला हवं?" मी ऐकलं. वर्षा-दीड वर्षाने त्या चपला उन्हापावसाने वाकड्यातिकड्या झाल्या, तेव्हा दुकानात जाऊन तसाच नवा जोड आणला. दुकानदार म्हणाला, "साहेबांना घेऊन आला असतात तर माप बघितलं असतं." मी म्हटलं, "माप पाठ आहे मला."

त्यानंतर असे चार जोड झाले. दारावरची पाटीही त्यांच्याच नावाची राहिली. कुरिअरवाला विचारतो, "साहेब आहेत का?" मी सांगते, "झोपलेत." दुपारी बाराला झोपलेत, संध्याकाळी सहालाही झोपलेत. इतका झोपाळू माणूस सबंध पुण्यात दुसरा नसेल!

या चपलांची गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. तशी सांगण्यासारखी ती वाटलीही नव्हती. पण गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेला गेले, तिथे एका थडग्यासमोर उभी राहिले, आणि मला एकदम आपला दरवाजा आठवला.

थडगं बघायला चला

लेक सॅन होजेला राहते. रविवार उजाडला की "आई, आज कुठे जाऊया?" हे ठरलेलं. समुद्र झाला, पूल झाला, उंचच उंच रेडवूडची झाडं झाली. एका रविवारी म्हणाली, "आज तुला एक थडगं दाखवते." लोक आईला देवळं दाखवतात, ही थडगं दाखवायला निघाली! पण नात मागच्या सीटवर बसून तयार होती, तेव्हा मीही बसले.

दक्षिणेकडे तासाभरावर गिलरॉय नावाचं गाव लागतं. लसणासाठी प्रसिद्ध. तिथून उजवीकडे वळून रस्ता डोंगरात शिरतो. आपल्या वरंध घाटाची आठवण यावी अशी वळणं. मी दाराच्या वरची मूठ घट्ट धरून बसले होते. लेक म्हणाली, "आई, दीडशे वर्षांपूर्वी याच डोंगरातून, तेव्हाच्या कच्च्या रस्त्याने, सहा घोड्यांची गाडी जायची. हाकणाऱ्याला एकच डोळा होता. आपण त्यालाच भेटायला चाललोय." घाट उतरल्यावर वॉटसनव्हिल आलं. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची शेतं आणि त्यांत वाकलेली माणसं. घडीभर पाचगणीच्या खालच्या अंगाला आल्यासारखं वाटलं.

दफनभूमी जुनी आणि साधी. आम्ही शोधत होतो तो दगड त्या मानाने नवा, १९५५ साली तिथल्या इतिहासप्रेमी मंडळींनी बसवलेला. नातीने त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला. नाव चार्ली डार्की पार्कहर्स्ट. जन्म १८१२, मृत्यू १८७९. सोन्याच्या दिवसांतला नामांकित गाडीवान. शेवटची फेरी सॅन वॉन ते सांताक्रूझ. आणि मग असं, की जवळच्या एका झोपडीत मरण आलं तेव्हा लोकांना समजलं, की हा 'एकाक्ष चार्ली' पुरुष नव्हता, बाई होती.

नात नऊ वर्षांची आहे. तिने वाचून संपवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आजी, मग तो की ती?"

मी जातो, मी जाते

या प्रश्नाने माझी पंचाईत केली, आणि हा लेख लिहिताना ती अजून चालूच आहे.

आपली मराठी या बाबतीत मोठी कडक आहे. इंग्रजीत माणूस 'आय गो' म्हणतो आणि मोकळा होतो. बोलणारा बाप्या की बाई, हे वाक्य सांगत नाही. मराठीत 'मी जातो' किंवा 'मी जाते', तिसरी सोय नाही. 'मला भूक लागलीय' इथवर कसंबसं निभावेल, पण 'मी जेवायला बसतो' म्हणताना जीभ अडखळणारच. माझी नात तिकडे वाढलेली, घरात बापाचं मराठी जास्त ऐकते, म्हणून तीही 'मी येतो', 'मी खेळतो' म्हणते. मी दर वेळी टोकते, "येते म्हण गं, येते!" ती म्हणते, "पण अर्थ तोच आहे ना?"

चार्लीने आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षं पुरुष म्हणून काढली. इंग्रजी बोलणाऱ्या चार्लीला 'मी' म्हणताना तेवढी मोकळीक होती. स्वतःविषयी चार शब्द बोलायचे तर खोटं बोलावं लागत नव्हतं, अंगावरचा कोट बाकीचं सांगत होता. चार्ली आपल्याकडे जन्मली असती तर दर दुसऱ्या वाक्याला परीक्षा होती. एकदा 'येते' निसटलं की संपलं.

मग मी लिहू काय? बराच विचार करून असं ठरवलं, की लहानपणच्या मुलीला 'ती' म्हणायचं आणि मुलाच्या कपड्यांत घराबाहेर पडल्यापासून मरेपर्यंत 'तो'. कारण चार्लीने स्वतः जगाला हेच सांगितलं होतं. त्याच्या पश्चात लोकांनी 'ती' म्हटलं, तो लोकांचा निर्णय. चार्लीला कुणी विचारलं नव्हतं.

तबेल्यातला पोऱ्या

मुलीचं नाव शार्लट. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंड प्रांतातली. लहानपण न्यू हॅम्पशरमधल्या एका अनाथाश्रमात गेलं, असं तिची हकीकत लिहिणारे सांगतात. अनाथ मुलीपुढे त्या काळी वाटा किती होत्या? कुणाच्या तरी घरी मोलकरीण व्हायचं, शिवणकाम करायचं, नाहीतर लोवेलसारख्या गावात नुकत्याच सुरू झालेल्या कापडगिरण्यांत बारा-बारा, तेरा-तेरा तास उभं राहायचं. लग्न केलं तर त्या काळच्या कायद्याप्रमाणे बाईची कमाई नवऱ्याची आणि बाईच्या नावावरची चीजवस्तूही बहुतेक त्याच्याच ताब्यात. म्हणजे मोलकरीण असो की बायको, हातात आलेला डॉलर आपला नव्हे.

शार्लट मुलाचे कपडे घालून तिथून पळाली. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी बाल्च नावाचा एक तबेलेवाला होता. त्याच्याकडे एक पोऱ्या कामाला लागला. लीद उपसायची, घोड्यांना खरारा करायचा, गाड्या धुवायच्या. पोऱ्याचं नाव चार्ली. बाल्चने त्याला घोडे हाकायला शिकवलं. आधी दोन, मग चार, मग सहा. पुढे बाल्च प्रॉव्हिडन्सला गेला, तर चार्लीही बरोबर गेला. तिथे त्याचं नाव झालं. बड्या लोकांना समारंभाला जाताना गाडीवर चार्लीच हवा असे.

सहा घोडे म्हणजे काय, हे आपल्या टांग्याच्या अनुभवावरून कळायचं नाही. पुढची जोडी वाट काढणारी, मधली ओढणारी, मागची चाकांजवळची जोडी गाडीचा भार सांभाळणारी. प्रत्येक जोडीचे लगाम वेगळे, आणि ते सगळे लगाम हाकणाऱ्याच्या बोटांमधून गेलेले. वळण आलं की पुढची जोडी आधी वळते, तेव्हा मागची अजून सरळच चाललेली असते. कुठल्या बोटाने कुठला लगाम किती ओढायचा आणि किती सैल सोडायचा, हे क्षणात ठरवायचं. बाजूला हजार फुटांची दरी. चूक झाली तर गाडी, माणसं, घोडे सगळेच खाली. असं काम करणाऱ्याला तिकडे 'व्हिप', म्हणजे चाबूक, म्हणत. चाबूक हे त्याच्या हातातलं हत्यार आणि तीच त्याची पदवी.

सोन्याच्या मुलखात

१८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी सगळं जग तिकडे धावलं. सोनं शोधायला गेलेल्यांतले बहुतेक रिकाम्या हातांनी परतले. पैसा केला तो त्यांना फावडी, पीठ आणि गाड्या पुरवणाऱ्यांनी. प्रॉव्हिडन्सकडचाच जेम्स बर्च नावाचा तरुण गाडीवान तिकडे गेला आणि काही वर्षांत गाड्यांच्या मोठ्या कंपनीचा मालक झाला. चार्लीही १८५१ च्या सुमारास बोटीने पनामाला, तिथून जमिनीवरून पलीकडे आणि पुन्हा बोटीने असा कॅलिफोर्नियाला पोचला. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता.

१८५० च्या शिरगणतीत त्या मुलखात शंभर माणसांत दहासुद्धा बायका नव्हत्या. अशा ठिकाणी बाई आली की शंभर डोळे तिच्याकडे वळणार. खाणावळ चालवली, कपडे धुतले तर पैसे मिळत, चांगले मिळत. पण गाडीच्या उंच बैठकीवर बसून लगाम हातात घ्यायला तिला कोण देणार होतं?

'स्टेज' म्हणजे टप्पा. आपल्या एस. टी.च्या तिकिटात टप्पे असत, तसंच. ठरावीक अंतरावर ठाणं, तिथे दमलेले घोडे सोडायचे, ताजे जुंपायचे आणि पुढे निघायचं. गाडी बहुधा न्यू हॅम्पशरमधल्या कॉन्कर्ड गावी बनवलेली, वजनाला हजार किलोच्या वर. पोलादी स्प्रिंगांऐवजी कातड्याच्या जाड पट्ट्यांवर तोललेली, त्यामुळे उतारूंना हादरे कमी आणि हेलकावे जास्त. आत नऊ माणसं कोंबलेली, टपावर आणखी काही, टपाल, सामान आणि सोन्याची पेटी. रस्ता म्हणजे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल. स्टॉकटन ते मॅरिपोसा, सॅन होजे ते ओकलंड, सॅन वॉन ते सांताक्रूझ अशा वाटांवर चार्लीने वर्षानुवर्षं गाड्या हाकल्या. लेकीच्या घराजवळून आज आठ पदरी रस्ता जातो, त्याच बाजूने कुठेतरी.

तिकडे गेल्यावर थोड्याच काळात एका घोड्याने लाथ मारली आणि त्याचा एक डोळा गेला. डोळ्यावर काळी पट्टी आली आणि नाव पडलं 'एकाक्ष चार्ली'. वर्णनं वाचली तर माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. बुटका, खांदे रुंद, चेहरा उन्हाने रापलेला, तोंडात तंबाखू. अंगात घोळदार शर्ट, थंडीत वर जाड कातडी कोट, आणि हातात बाराही महिने हातमोजे. हातमोज्यांचं लोकांना नवल वाटे. पुढे त्यांना वाटलं, ते बहुधा हात लहान दिसू नयेत म्हणून. आवाज जरा चिरका होता म्हणे. झोपायला तो बहुधा तबेल्यात, घोड्यांजवळ जायचा. बोलणं मोजकं.

त्याच्या नावावर गोष्टीही पुष्कळ. पहिल्यांदा दरोडेखोरांनी गाडी अडवली तेव्हा त्याच्याकडे बंदूक नव्हती, पेटी द्यावी लागली. पुढल्या खेपेला 'शुगरफूट' नावाच्या दरोडेखोराने अडवलं, तेव्हा चार्ली तयारीत होता, आणि शुगरफूट त्यातून वाचला नाही. पुराच्या पाण्यात हलणाऱ्या पुलावरून त्याने गाडी पार नेली आणि मागच्या मागे पूल कोसळला, अशीही एक गोष्ट आहे. यांत मीठमसाला किती, देव जाणे. गाडीवानांच्या मुलखात गाडीवानांच्या गोष्टी वाढतातच. पण इतक्या वर्षांच्या या हकिकतींतून एक गोष्ट निश्चित दिसते, ती म्हणजे त्याच्या गाडीत बसायला लोक घाबरत नव्हते.

कोट उतरला तेव्हा

साठीचं दशक सरत आलं तसे सांधे धरले. रेल्वे वाढत होती. १८६९ साली अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम टोकांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला आणि लांब पल्ल्याच्या घोडागाड्यांचे दिवस भरले. चार्लीने लगाम खाली ठेवले. सांताक्रूझ आणि वॉटसनव्हिल यांच्या दरम्यान काही काळ गाड्यांचं ठाणं चालवलं, गुरं पाळली, लाकूडतोड केली. कधी कुणाचा मिंधा झाला नाही.

मग जिभेचा कर्करोग झाला. डॉक्टरला दाखव, असं शेजारी सांगत होते आणि चार्ली नको म्हणत होता, असं लिहिलेलं सापडतं. हे वाचताना मी थांबले. दुखणं असह्य झालेलं आहे, घास गिळवत नाही, आणि तरी डॉक्टरकडे जायचं नाही. का, ते आपण ओळखू शकतो. डॉक्टरपुढे कोट काढावा लागला असता. इतकी वर्षं त्या कोटाने जे मिळवून दिलं, रोजगार, नाव, एकट्याने बिनधास्त फिरण्याची मुभा, ते सगळं त्या एका गुंडीला अडकलेलं होतं. १८६३ साली जवळच्याच सॅन फ्रान्सिस्को शहराने तर आपल्या लिंगाला न शोभणारे कपडे घालून लोकांत वावरणं हा गुन्हाच ठरवला होता. स्वातंत्र्याची किंमत किती, हे विचारणाऱ्याला मी आता या दुखण्याकडे बोट दाखवीन.

१८७९ च्या डिसेंबरात चार्ली गेला. शेजारीपाजारी, जुने सोबती प्रेताला न्हाऊमाखू घालायला आले आणि चाट पडले. काहींना राग आला. वीस-वीस वर्षांची ओळख, एकत्र दारू प्यायलेली, आणि याने आपल्याला फसवलं! बातमी सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरात आली आणि जानेवारीत न्यूयॉर्कपर्यंत पोचली. जिवंतपणी एका जिल्ह्याला माहीत असलेला गाडीवान मेल्यावर सबंध देशाला ठाऊक झाला. तोही उत्तम सारथी म्हणून नव्हे, एक नवल म्हणून.

प्रॉव्हिडन्सच्या एका वर्तमानपत्राने मात्र त्या वेळी जे लिहिलं, त्याचा आशय मला फार आवडला. चार्लीच्या या हकिकतीने अस्वस्थ व्हायचं कारण फक्त त्या सद्गृहस्थांना आहे, जे उठताबसता बाईच्या दुबळेपणावर व्याख्यानं देतात. कॅलिफोर्नियातल्या नावाजलेल्या गाडीवानांपैकी एक बाई होती, हे काही आता बदलता येत नाही!

प्रेमभंग हवाच का?

यानंतर जे झालं ते आपल्यालाही परिचयाचं आहे. लोकांनी कारण शोधायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, प्रेमात फसली असणार. कुणी म्हणालं, मूल झालं होतं आणि ते गेलं. ट्रंकेत तान्ह्या बाळाचा लाल झबला-वजा फ्रॉक सापडला म्हणे. हे खरं असेलही, नसेलही. पण मला गंमत अशी वाटते, की सगळ्या तर्कांत एक पुरुष आणि एक पाळणा आहेच. तिला घोडे आवडत होते, हे कारण कुणाला पुरेसं वाटलं नाही.

चार्ली एकटाच नव्हता. आयडाहो मुलखात जो मोनाहन नावाने गुरं पाळणारा एक माणूस होता. त्याच्या मरणानंतरही असंच उघडकीला आलं, आणि त्याच्याभोवतीही श्रीमंत घरातल्या फसवल्या गेलेल्या तरुणीची कहाणी रचली गेली. १९९३ साली त्यावर सिनेमाही निघाला. तिसरी हकीकत कॅथे विल्यम्सची. ही गुलामीत जन्मलेली काळी मुलगी. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली, पण पोट भरायचं कसं? १८६६ च्या नोव्हेंबरात ती सेंट लुईसला 'विल्यम कॅथे' नावाने काळ्या सैनिकांच्या पलटणीत भरती झाली. जवळजवळ दोन वर्षं बंदूक खांद्यावर घेऊन चालली. तिने पुढे स्वतःच कारण सांगून ठेवलंय, म्हणून इथे तर्काला जागा नाही. नातेवाइकांवर किंवा ओळखीपाळखीच्यांवर ओझं न होता आपली भाकर आपण कमवायची होती. उतारवयात आजारी पडल्यावर तिने सैनिकाचं निवृत्तिवेतन मागितलं, तेव्हा सरकारने नाकारलं.

आज काही अभ्यासक वेगळं सांगतात. चार्लीला 'पुरुषाचा वेष घेतलेली बाई' म्हणणंच चूक असेल, तो मनाने पुरुषच असेल, कपडे हे सोंग नसून खरं रूप असेल. पूर्वी असा विचार कुणी बोलून दाखवत नव्हतं. मला वाटतं, तेही शक्य आहे. पोटासाठी घातलेला कोट पुढे अंगचाच झाला, असंही असेल. चार्लीने लिहून काही ठेवलं नाही. आपल्याला सोयीची वाटेल ती चार्ली आपण घडवायची, हे मात्र पाळणा शोधणाऱ्यांइतकंच उद्धट होईल.

यादीतलं नाव

दगडावर आणखी एक ओळ आहे. अमेरिकेत मतदान करणारी पहिली स्त्री, ३ नोव्हेंबर १८६८. नातीला ही ओळ सगळ्यांत आवडली. मी परतल्यावर वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली, तेव्हा कळलं की दगडावर कोरलेलंही तपासून घ्यावं लागतं. न्यू जर्सी राज्यात मालमत्ता असलेल्या एकट्या बायका १८०७ पर्यंत मत देत होत्या, मग तो हक्क काढून घेतला गेला. तेव्हा 'पहिली' हे खरं नाही. चार्लीने त्या दिवशी मत टाकलं, याचाही पुरावा नाही. पुरावा आहे तो एवढाच, की सांताक्रूझ जिल्ह्याच्या १८६७ च्या मतदार यादीत चार्ल्स डार्की पार्कहर्स्ट हे नाव आहे. वय ५५, धंदा शेती. पण हे एवढंसंही मला थोडं वाटत नाही. कॅलिफोर्नियाच्या बायकांना मताचा हक्क १९११ साली मिळाला, सगळ्या देशातल्या बायकांना १९२० साली. त्याआधी चव्वेचाळीस वर्षं एक नाव यादीत जाऊन बसलं होतं.

यादीवरून मला आपली पहिली निवडणूक आठवली. १९५१-५२ साली आपल्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत होतं, कोट घालायची गरज नव्हती. तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. का, तर त्यांनी परक्या माणसाला आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. नियम असा, की स्वतःचं नाव हवं. तिकडे एका बाईने पुरुषाचं नाव घेतलं म्हणून ती यादीत आली, इकडे लाखो बायकांनी आपलं नाव घेतलं नाही म्हणून त्या यादीबाहेर राहिल्या.

दफनभूमीतून निघताना लेकीने विचारलं, "गप्प का गं आई?" मी चपलांची गोष्ट सांगितली. तिला ठाऊक नव्हती. तिला वाटायचं, आई बाबांच्या आठवणीसाठी ठेवते. मीही तिला तसं वाटू दिलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दर वर्षी नव्या?" मी म्हटलं, "वर्षाला नाही, दोन-तीन वर्षांनी." आणि आम्ही दोघी हसलो. पण ते हसू घाट चढेपर्यंत टिकलं नाही.

मी काही चार्ली नव्हे. मला कुणी लगाम धरू दिला नाही असं नाही. बत्तीस वर्षं नोकरी केली, माझ्या सहीने चेक वटतात, घर माझ्या नावावर आहे. आणि तरीही त्या घरात निर्धास्त झोप लागावी म्हणून मी दाराबाहेर एका पुरुषाचं सोंग ठेवते. चार्लीला सबंध कोट लागला, मला चपला पुरतात. दीडशे वर्षांत एवढा फरक पडला, असं म्हणायचं का? ज्यांना याचा अभिमान वाटेल त्यांना वाटो. आणि हा फरक काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. चार्लीला आजारपणात डॉक्टरपुढे जाता आलं नाही, मी जाऊ शकते.

घरी आल्यावर मी पाटी बदलली. पेंटर म्हणाला, "वर साहेबांचं नाव राहू द्यायचं ना?" म्हटलं, "नको. फक्त माझं. पूर्ण नाव." त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. समोरच्या काकू आता थकल्यात, पण पाटी त्यांच्या नजरेतून सुटली नाही. म्हणाल्या, "छान दिसतंय हो." मग जरा थांबून, "चपला आहेत ना पण?"

परवा नातीचा फोन होता. म्हणाली, "आजी, मी डिसेंबरमध्ये येतो!" टोकायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "ये."

चपला आहेत. यंदाच्या पावसात डाव्या पायाचा अंगठा सुटलाय. दिवाळीच्या आधी दुकानात जायला हवं.